मित्रांच्या नातेवाईकांकडे राहून कमी पैशात स्कॉटलंड: नेहमी येणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या लीड्सला मास्टर्स करत होते तेव्हा 2025 च्या जूनमध्ये आम्ही चौघं 9 दिवस स्कॉटलंड फिरलो. मी नाशिकची, रूममेट अकोल्याची, एक पुणेकर मित्र आणि वर्गातली एक स्कॉटिश मैत्रीण. 8 रात्रींपैकी 7 रात्री कुणाच्या ना कुणाच्या नातेवाईकांकडे काढल्या. तेव्हापासून ज्युनियर मंडळींचे मेसेज येतायत आणि प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. प्रश्नांना नंबर दिलेत म्हणजे "ताई ते कुठे होतं" असं परत विचारायला नको.

1. ताई, स्कॉटलंडला वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंड मिळून एकच यूके, तुमचा स्टुडंट व्हिसा सगळीकडे चालतो. बॉर्डरवर कुणी काही विचारत नाही, ट्रेनच्या खिडकीतून एक पाटी दिसते, तीसुद्धा झोपलात तर गेली. डब्लिनची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती प्र. 19 मध्ये.

2. एकूण खर्च किती आला? खरं सांगा, इन्स्टावाला आकडा नको.

माणशी 236 पौंड. प्रवास 121, खाणं 58, हॉस्टेलची एक रात्र 26, भेटवस्तू 19, आणि एका किल्ल्याचं तिकीट 12. रेलकार्डचे (ट्रेनच्या सवलतीचं कार्ड, प्र. 8) पैसे यात धरलेले नाहीत कारण ते आधीच होतं. खाण्याचा आकडा एवढा कमी दिसतो कारण सकाळ-संध्याकाळ लोकांनी जेवू घातलं. हे हिशोबात लिहिता येत नाही पण खरा वाचलेला पैसा तोच आहे, राहण्याच्या भाड्याइतकाच. तुम्ही सगळं हॉस्टेलात राहून केलंत तर हा आकडा विसरा, आणि ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात तर दुप्पट धरा (का ते प्र. 6 मध्ये).

3. ज्यांना आपण कधी भेटलोच नाही त्यांना "तुमच्याकडे राहू का" असं विचारायचं कसं? मला खूप ऑकवर्ड वाटतं.

वाटणारच, मलापण वाटलं. पहिली गोष्ट, तुम्ही विचारायचंच नाही, ज्याचं नातं आहे त्याने विचारायचं, आणि मेसेजवर नाही तर फोनवर. आमच्या पुणेकराने काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर "काका आम्ही चौघं येतोय 👍" असा मेसेज टाकला होता. काकूंचा त्याच्या आईला पुण्याला फोन, आईचा याला फोन, आणि मग रीतसर विचारणा, एवढा लांबचा वळसा पडला.

आपल्या लोकांकडे आणि स्कॉटिश लोकांकडे विचारायची तऱ्हा वेगळी आहे हे लक्षात घ्या. मराठी घरात "या की, घर तुमचंच आहे" असं लगेच येतं, त्यातलं खरं किती आणि उपचार किती हे तुमच्या मित्रालाच कळणार, म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं आणि "खरंच जमेल ना, जमिनीवर झोपू" म्हणायचं. स्कॉटिश घरात उलट. मैत्रिणीच्या आत्याने सरळ सांगितलं, दोन रात्री चालेल, तिसऱ्या दिवशी मला कामाला जायचंय, एक बेड आणि एक सोफा आहे, बाकीच्यांनी स्लीपिंग बॅग आणा. ऐकायला कोरडं वाटलं पण इतकं सोपं झालं सगळं! तिने हो म्हटलं म्हणजे हो, आणि नाही म्हटलं असतं तर त्यात राग नव्हता.

विचारताना चार गोष्टी पहिल्याच फोनमध्ये सांगून टाका: किती जण, किती रात्री, किती वाजता पोचणार, खाण्याचं काय पथ्य. मुलं-मुली एकत्र आहात हेही सांगा. आपल्याकडच्या काही घरांत त्यावरून नंतर चेहरे पडतात, मग आधीच कळलेलं बरं.

4. किती दिवस राहिलं तर चालतं? आणि चौघं म्हणजे जास्त होतात का?

दोन रात्री. तीन फारच आग्रह झाला तर. एडिंबऱ्यात रूममेटच्या मामेबहिणीचा वन बेडरूम फ्लॅट होता, तिथे आम्ही चौघं हॉलमध्ये ओळीने झोपलो, लग्नघरासारखे, मजा आली पण तिसऱ्या दिवशी तिचा नवरा बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभा असलेला बघून आपणच समजून घ्यायचं. चारच्या वर जाऊ नका. नातेवाईक स्वतः स्टुडंट असेल आणि युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये राहत असेल तर पाहुण्याच्या रात्रींवर तिथे नियम असतात, ते त्यालाच रिसेप्शनवर विचारू द्या.

5. भेट काय न्यायची?

मराठी घरी: बाकरवडी, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, दिवाळी अंक. दिवाळी अंक बघून अ‍ॅबरडीनच्या काकूंचा चेहरा जो खुलला ना, तो कुठल्याही चॉकलेटने खुलला नसता. स्कॉटिश घरी: चांगला चहा, एखादं फुलझाड, किंवा तुम्ही स्वतः एक रात्र केलेला स्वयंपाक. शॉर्टब्रेड नेऊ नका, ती त्यांचीच नानकटाई आहे, म्हणजे कोल्हापूरला तांबडा रस्सा नेल्यासारखं होईल.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: भारतातून यूकेत येताना दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेले पेढे, कुंदा, तूप म्हणजे आणता येत नाहीत. कोरडा फराळ आणा, पेढे इथल्या इंडियन दुकानातून घ्या.

6. कोणत्या महिन्यात जावं?

मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा, माझं मत ठाम आहे. दिवस प्रचंड मोठा, जूनमध्ये एडिंबऱ्याला रात्री 10 पर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारी 3 ला कुठे पोचलात तरी अख्खा दिवस हातात. डिसेंबरमध्ये हाच सूर्य दुपारी पावणेचारच्या आत जातो.

जुलै-ऑगस्टला दोन त्रास. एक, स्कॉटलंडच्या शाळांना जूनच्या शेवटी सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्याला शाळा उघडतात, इंग्लंडच्या आधी, तर यजमानांकडे मुलं असतील तर ते स्वतःच कुठेतरी गेलेले असतात, हे विचारून घ्या. आणि ऑगस्टमध्ये एडिंबऱ्याला नाटक-गाण्यांचा मोठा फेस्टिव्हल आणि त्याला जोडून फ्रिंज असतं, 1947 पासून चालू आहे, तेव्हा शहरात पाय ठेवायला जागा नाही आणि हॉस्टेलचे दर बघून डोळे पांढरे होतात. राहायला घर मिळत असेल तर मात्र ऑगस्टच बघा, रस्त्यावर फुकटात एवढं चालू असतं की बस.

दुसरा त्रास मिजेस. चिलटांपेक्षा बारीक किडे, झुंडीने येतात आणि चावतात, वेस्ट कोस्टला आणि हायलँड्समध्ये (उत्तरेकडचा डोंगराळ भाग) सगळ्यात जास्त. पहाटे, संध्याकाळी, वारा पडलेला आणि आभाळ भरलेलं असेल तेव्हा तर विचारू नका. वारा सुटला की गायब, म्हणून तिथले लोक वाऱ्याला शिव्या देत नाहीत. डोक्यावरची जाळी दोन-चार पौंडांत मिळते, दिसायला मधमाश्या पाळणाऱ्यासारखं दिसतं पण घ्या.

7. रूट कसा ठरवायचा? सात दिवसांत एडिंबरा, स्काय, लॉक नेस, ग्लासगो, ऑर्कनी होईल का?

नाही होणार. ऑर्कनी काढा आधी त्यातून.

रूट आधी ठरवून मग तिथे घर शोधायला गेलात तर हात हलवत बसाल. घरं कुठे आहेत ते नकाशावर टाका आणि त्या ठिपक्यांमधून रेघ ओढा. आमचे ठिपके होते एडिंबरा (मामेबहीण), अ‍ॅबरडीन (काका-काकू), इन्व्हरनेसजवळचं एक गाव (आत्या), ग्लासगो (मैत्रिणीची आजी). मी कधीच ठरवून अ‍ॅबरडीनला गेले नसते, टूरिस्ट यादीत ते नसतंच, पण तिथे काका तेलाच्या क्षेत्रात इंजिनियर, आणि त्यांच्यामुळे स्टोनहेवनजवळचा डनॉटर किल्ला बघितला. समुद्रात घुसलेल्या कड्यावर उभा आहे, आपला विजयदुर्ग बघितलेल्या माणसालाही तिथे दोन मिनिटं गप्प व्हायला होतं. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेपासून लपवायला स्कॉटलंडचा राजमुकुट तिथे ठेवला होता. वर काकांनी सांगितलं की मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, तो याच भागातला, वर किनाऱ्यावरच्या बॅन्फ गावचा. शाळेत ज्याच्या नावाने कंटाळा यायचा त्याच्या गावापासून आपण तासा-दीड तासावर बसून पोहे खातोय हे जरा गंमतशीर होतं.

तर आमचा रूट: लीड्स ते एडिंबरा 2 रात्री, अ‍ॅबरडीन 2, इन्व्हरनेस 2, मग लॉक नेसच्या काठाने जाणाऱ्या बसने फोर्ट विल्यम 1 (हॉस्टेल), तिथून मॅलेगला (कशासाठी ते प्र. 10 मध्ये) जाऊन परत, मग ग्लासगो 1, घरी. लॉक नेससाठी वेगळी टूर घेतलीच नाही, बसची डावीकडची सीट पकडली. तळं साधारण 37 किलोमीटर लांब आणि 230 मीटरच्या आसपास खोल, इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी याच्यापेक्षा कमी. खिडकीतून तासभर ते दिसत राहतं, दंतकथेतला तो मॉन्स्टर काही दिसला नाही.

8. ट्रेन घ्यायची की बस? रेलकार्ड काढू का?

यूकेत वर्षभर राहणार असाल तर 16-25 रेलकार्ड काढाच. 35 पौंडांत वर्षभर एक तृतीयांश सूट, आणि 26 च्या वरचे पण फुल टाइम शिकणारे असाल तरी मिळतं, फक्त युनिव्हर्सिटीकडून शिक्का घ्यावा लागतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 च्या आत किमान भाड्याची अट असते, ती जुलै-ऑगस्टमध्ये नसते.

स्कॉटरेलने 1 सप्टेंबर 2025 पासून पीक भाडं काढून टाकलंय, म्हणजे सकाळी गर्दीच्या वेळी निघालात तरी तेच तिकीट. आमच्या वेळी हे नव्हतं आणि आम्ही स्टेशनवर सव्वानऊ वाजायची वाट बघत बसायचो. इंग्लंडहून येणाऱ्या लांबच्या गाड्यांना हा नियम लागू नाही, तिथे आधी बुक केलेलं तिकीटच स्वस्त.

लांबच्या बस म्हणजे सिटीलिंक, आणि एम्बरच्या इलेक्ट्रिक बस. बस स्वस्त, ट्रेन सुंदर. माझा नियम असा होता की सपाट भागात बस आणि डोंगरात ट्रेन.

9. स्कॉटलंडमध्ये 22 च्या आतल्यांना बस फुकट असते ना? मग मला पण मिळेल?

तुम्ही स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर हो. 5 ते 21 वयाच्या, तिथल्या रहिवाशांसाठी ती योजना आहे, जानेवारी 2022 पासून, कार्ड काढावं लागतं आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक बसलाही चालतं. ग्लासगो किंवा डंडीला शिकायला आलेल्या 20 वर्षांच्या पोरांनी हे कार्ड काढलं नसेल तर आजच काढा. लीड्स, मँचेस्टर, लंडनवाल्यांना मिळत नाही. आणि मित्राचं कार्ड वापरू नका, त्यावर फोटो असतो.

10. हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या त्या पुलावरून जायला वाफेच्या इंजिनाचं तिकीट काढावंच लागतं का?

अजिबात नाही. जॅकोबाइट नावाची ती वाफेची गाडी महाग आहे आणि लवकर फुल्ल होते. पण ग्लेनफिनन व्हायाडक्ट, 21 कमानींचा, 1901 मध्ये सुरू झालेल्या मार्गावरचा, त्याच रुळांवरून साधी स्कॉटरेलची गाडी रोज जाते. फोर्ट विल्यम ते मॅलेग साधारण दीड तास. मॅलेगकडे जाताना डावीकडे बसा, पुलाचं वळण दिसतं. मॅलेगहून स्काय बेटावर आर्माडेलला फेरी जाते, पायी जाणाऱ्याला काही पौंडांतच. पण स्कायवर उतरल्यावर बस फार कमी, घर किंवा हॉस्टेल पक्कं असल्याशिवाय संध्याकाळच्या फेरीने जाऊ नका.

11. ग्लासगोला कनेक्शन चुकलं, ट्रेन दुसऱ्याच स्टेशनवर होती!

हे दर महिन्याला कुणीतरी लिहितं. इंग्लंडहून तुम्ही ग्लासगो सेंट्रलला उतरता. फोर्ट विल्यम, इन्व्हरनेस, अ‍ॅबरडीनच्या गाड्या क्वीन स्ट्रीटहून सुटतात. मधे दहा मिनिटांचं चालणं आहे. बॅगा असतील तर अर्धा तास हातात ठेवा.

12. गोऱ्या लोकांच्या घरी राहताना काय काय चुका होतात?

आमच्याच सांगते.

आजीने फोनवर सांगितलं, सहाला टीला या. आम्हाला वाटलं चहा. म्हणून पाच वाजता आम्ही फिश अँड चिप्स दाबून खाल्ले आणि गेलो, तर टेबलवर अख्खं जेवण मांडलेलं. टी म्हणजे तिकडे संध्याकाळचं जेवण, आणि ते सहाला असतं, आपल्यासारखं साडेनऊला नाही. आम्ही पुन्हा जेवलो, नाइलाज. "बॅक ऑफ सिक्स" म्हणाले तर सहा वाजून गेल्यावर लगेच, सहाच्या आधी नाही.

आत्याकडे दोन दिवस मी गार पाण्याने अंघोळ केली, जूनमध्ये, इन्व्हरनेसला, अक्षरशः दात वाजत होते. तिसऱ्या सकाळी कळलं की बाथरूमच्या छताला एक दोरी लटकत असते, ती ओढली की शॉवरचा हीटर चालू होतो. मला ती पंख्याची वाटली होती. विचारायला लाजू नका.

बाथरूमच्या जमिनीला बऱ्याचदा निचराच नसतो, कधीकधी चक्क कार्पेट असतं. बादली-मगाचा विषय काढूच नका. अंघोळ पाच मिनिटांत, कारण टाकीतलं गरम पाणी एका वेळी दोघांना पुरतं. हीटिंगच्या बटणाला हात लावायचा नाही, गॅस-विजेची बिलं महाग आहेत, थंडी वाजली तर स्वेटर घाला. बूट दारात काढा, कुणी काही बोलत नसलं तरी, पावसाने ते चिखलाचेच असतात. निघताना चादरी काढून घडी घालून ठेवा, भांडी घासा. आजीने पैसे घ्यायला साफ नकार दिला पण पुणेकराने तिच्या बागेतलं वाढलेलं गवत कापलं त्यावर ती महिनाभर खूश होती असं मैत्रीण सांगते.

मराठी घरातली चूक वेगळी. तिथे काकू "बस तू" म्हणतात आणि आपण बसतो! बसू नका, उठून पोळ्या लाटा.

13. मी व्हेज आहे. काय खाऊ?

जेवणाच्या बाबतीत स्कॉटलंड वाटतं तेवढं वाईट नाही. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, कलेजी, फुप्फुस आणि ओट्स मसाल्यात शिजवलेलं, ज्याला वजडी आवडते त्याला आवडेल. त्याचं व्हेज हॅगिस पण मिळतं, डाळ-ओट्स-बीन्सचं, आणि खरंच चांगलं असतं. अकोल्याच्या पोरीने चारही घरी तेच मागितलं असतं.

फसवणारे पदार्थ सांगते. डाळीचं सूप, दिसायला आपलं वरण, पण पारंपरिक घरी ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात करतात, विचारा. काही चिप्पींमध्ये (फिश अँड चिप्सची दुकानं) चिप्स बीफच्या चरबीत तळतात, हेही विचारा. नुसतं मिन्स (खिमा) म्हटलं तर ते बीफ धरायचं. बीफ-पोर्क चालत नसेल तर यजमानांना प्र. 3 मधल्या पहिल्याच फोनमध्ये सांगा, ताटात आल्यावर नाही.

आणि टॅब्लेट खा. साखर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क आटवून केलेली वडी, खाल्ल्याबरोबर वाटतं अरे ही तर आपली बर्फी, फक्त साखर दुप्पट.

14. त्यांचं इंग्रजी कळतच नाही. काय करू?

पहिले दोन दिवस कुणालाच कळत नाही, इंग्लंडच्या पोरांनाही नाही. वी म्हणजे छोटं, आय म्हणजे हो, पीस म्हणजे सँडविच, ड्रीख म्हणजे मळभ आणि झिरझिर पाऊस. आजी "मेसेजेस" आणायला जाते म्हणाली, आम्हाला वाटलं फोन बघायला गेली, ती किराणा घेऊन आली. "व्हेअर डू यू स्टे" विचारलं की हॉटेलचं नाव सांगू नका, ते तुमचं घर कुठे विचारतायत. आपण नाही का "कुठे राहता" म्हणतो, तसंच ते. गावांची नावं वाचून उच्चारायला जाऊ नका, मिल्नगॅव्ही दिसतं त्याला मल्गाय म्हणतात.

15. तिकीट न काढता काय बघता येतं?

भरपूर. एडिंबऱ्यात नॅशनल म्युझियम (क्लोन केलेली डॉली मेंढी पेंढा भरून ठेवलीय तिथे), नॅशनल गॅलरी, कॅल्टन हिल, आर्थर्स सीट. ग्लासगोत केल्विनग्रोव्ह आणि बरेल कलेक्शन ही म्युझियम, नेक्रोपोलिस या जुन्या दफनभूमीची टेकडी. डंडीत व्ही अँड ए म्युझियम. इन्व्हरनेसजवळ कलोडनचं मैदान, 1746 ची लढाई, मैदानात फिरायला पैसे नाहीत, आतल्या प्रदर्शनाला आहेत. एडिंबऱ्याचा किल्ला महाग आहे, आम्ही बाहेरून बघितला. त्याच रस्त्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, तो मनोरा पॅट्रिक गेडिस यांनी चालवला होता, 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करणारे तेच. समाजशास्त्रवाल्यांनी खालून नमस्कार करावा, वर जायला तिकीट आहे.

16. बेन नेव्हिस चढू का? आम्ही कळसूबाई केलंय.

कळसूबाई 1646 मीटर, बेन नेव्हिस 1345, म्हणून लोक हसतात. हसू नका. बेन नेव्हिसची चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, म्हणजे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढायची. जाऊन-येऊन 7 ते 9 तास. वर बऱ्याचदा ढग असतात, वाट दिसत नाही, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाही बर्फ असू शकतो. जूनमध्ये आम्ही चढलो नाही, सप्टेंबरमध्ये मी परत जाऊन चढले, खाली टी-शर्टवर आणि वर हातमोजे घालून. चप्पल, जीन्स, छत्री यातलं काहीही नको. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, कागदी नकाशा ठेवा, आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे यजमानांना सांगून जा. अडकलात तर 999, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. त्याचे पैसे घेत नाहीत.

17. एखाद्या रात्री घर मिळालं नाही तर तंबू ठोकला तर चालेल?

स्कॉटलंडमध्ये चालतं, इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी नाही. 2003 च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायचा आणि छोटा तंबू लावायचा हक्क आहे. घरांपासून लांब, दोन-तीन रात्रींच्या वर नाही, कचरा सगळा परत. गाडी लावून गाडीत झोपणं यात येत नाही. अपवाद लॉक लोमंडचा: तिथल्या ठरावीक काठांवर मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं. गवतातून फिरल्यावर पायांवर गोचीड बघा, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो.

हॉटेल-हॉस्टेल घेणार असाल तर एडिंबऱ्यात 24 जुलै 2026 पासून मुक्कामाच्या भाड्यावर 5 टक्के कर आहे, पहिल्या पाच रात्रींपर्यंत. मावशीकडे फुकट राहिलात तर अर्थातच नाही.

18. काकूंचं बीअँडबी (घरगुती लॉज) आहे, "मदत करा आणि फुकट राहा" म्हणतात. चालेल ना?

सावध. घरातली भांडी घासणं वेगळं आणि गिऱ्हाइकांच्या खोल्या आवरण्याच्या बदल्यात राहणं वेगळं. खोल्या आवरण्याला काम धरलं जातं, हातात पैसे आले नाहीत तरी. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला 20 तासांची मर्यादा त्यालाही लागू (डिग्री लेव्हलच्या कोर्सना), आणि मास्टर्सवाल्यांनो, उन्हाळ्यात तुमचं डिझर्टेशन चालू असतं तेव्हा ती सुट्टी धरत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या भावंडाने तर हे अजिबातच करू नये.

19. स्कॉटलंडहून फेरीने बेलफास्ट आणि तिथून डब्लिन करू का?

बेलफास्टपर्यंत ठीक, ते यूके. डब्लिन नाही. वाटेत बसमध्ये कुणी तपासलं नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा व्हिसा लागतो. यूके-आयर्लंडचा जो एकत्र व्हिसा ऐकलाय तो ठरावीक व्हिजिट व्हिसांसाठी आहे, स्टुडंट व्हिसाला नाही.

20. स्कॉटलंडच्या नोटा लंडनला घेत नाहीत म्हणे?

तिथे तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. पैसा खराच आहे, पण इंग्लंडमधला एखादा दुकानदार नोट उलटीसुलटी करून बघतो आणि नको म्हणतो. निघायच्या आधी तिथेच खर्च करा, उरल्या तर बँकेत भरा.

21. न्यू इयरला जाऊ का?

हॉगमने (त्यांचा नववर्षाचा जल्लोष) बघायला जा, पण स्कॉटलंडमध्ये 2 जानेवारीलाही सुट्टी असते. 1 तारखेला ट्रेन-बस अगदी कमी, दोन दिवस अडकायची तयारी ठेवा आणि यजमानांना तसं आधीच सांगा. गावाकडे रविवारी वर्षभरच बस कमी. दुकानातली दारू रोज सकाळी 10 ते रात्री 10 मध्येच मिळते आणि किमान दराच्या कायद्यामुळे इंग्लंडपेक्षा महाग पडते.

22. गाडी भाड्याने घेतली तर स्वस्त पडेल का, चौघं आहोत?

पेट्रोल वाटून स्वस्त वाटतं, पण 25 च्या आतल्यांना जादा पैसे लावतात, काही ठिकाणी गाडीच देत नाहीत. भारतीय लायसन्स यूकेत आल्यापासून 12 महिने चालतं. हायलँड्समध्ये एकच गाडी मावेल एवढे अरुंद रस्ते असतात, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये (बाजूला दिलेली रुंद जागा) थांबायचं, तिथे फोटोसाठी पार्किंग करायचं नाही. आणि दारू पिऊन चालवायची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिली रक्तात 80 मिलिग्रॅमच्या जागी 50, एक पाइंट बिअरसुद्धा नको.

23. आजारी पडलो तर? पाळी आली तर?

इमर्जन्सी नसेल तर 111, असेल तर 999. मुलींसाठी: स्कॉटलंडमध्ये पॅड आणि टॅम्पॉन फुकट मिळायचा कायदा आहे, ऑगस्ट 2022 पासून लागू. लायब्ररी, कम्युनिटी सेंटर, कॉलेजांत ठेवलेले असतात, कुणाला विचारायची गरज नाही.

24. यजमानांनी ऐनवेळी नाही म्हटलं तर?

होतं. आमची मूळ यादी पाच घरांची होती. स्कायला रूममेटच्या ओळखीतल्या एक ताई राहतात, त्यांच्याकडे दोन रात्री ठरल्या होत्या, आणि आम्ही अ‍ॅबरडीनला असताना त्यांचा फोन आला, घरात आजारपण आहे, जमणार नाही. त्या इतक्या वेळा सॉरी म्हणाल्या की आम्हालाच वाईट वाटलं. अशा वेळी "एकच रात्र, कोपऱ्यात झोपू" वगैरे अजिबात म्हणायचं नाही. स्काय काढून टाकलं, आत्याला विचारून एक रात्र तिच्याकडे वाढवली, फोर्ट विल्यमचं हॉस्टेल काकांच्या वायफायवर त्याच रात्री बुक केलं.

म्हणून दोन गोष्टी. प्रत्येक घराच्या जवळचं एक हॉस्टेल आधीच बघून ठेवा, बुक नको, फक्त नाव आणि दर. आणि माणशी 60 पौंड वेगळे ठेवा ज्यांना हात लावायचा नाही. आमचे त्यातले 26 गेले. ताईंसाठी आणलेला चिवडा फोर्ट विल्यमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडला, कांदा चिरून, लिंबू पिळून, आणि बाजूच्या टेबलवरचे दोन जर्मन सायकलवाले वाटी घेऊन आले.